वजन उतरवताना डोके मोकळे ठेवण्यासाठी

वजन कमी करायचे ठरवले की पहिला प्रश्न हमखास असतो तो सर्वांत चांगला आहार कोणता हा. कुणी पिष्टमय पदार्थ सोडायला सांगतो, कुणी तेल-तूप तोडायला सांगतो, तर कुणी ठरावीक तासांतच जेवायला सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ६०९ प्रौढांना वर्षभर दोनपैकी एक आहार घ्यायला सांगितला होता; एका गटात स्निग्ध पदार्थ कमी होते, दुसऱ्यात पिष्टमय पदार्थ कमी होते, आणि कॅलरी मोजण्याचे बंधन कुणावरही नव्हते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही गटांचे वजन सरासरी पाच-सहा किलोंनी उतरले होते आणि दोहोंत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. गटांच्या आत मात्र फरक प्रचंड होता. एकच आहार घेणाऱ्यांपैकी कुणाचे वजन तीस किलोंच्या आसपास उतरले, तर कुणाचे चक्क वाढले. तेव्हा आहाराच्या नावापेक्षा तो आपल्या दिवसात कसा बसतो आणि किती काळ टिकतो, याकडे आधी पाहावे.

माझ्या मते याच्या जोडीला आणखी एक कसोटी हवी : ती पद्धत आपल्या मनाची किती जागा व्यापते? दोन जेवणांच्या मधल्या वेळात काम, माणसे, वाचन यांत मन रमत असेल, तर पद्धत आपल्याला मानवते आहे असे समजावे. दिवसभर पुढच्या घासाचा आणि उद्याच्या आकड्याचा हिशोब चालू असेल, तर वजन उतरत असले तरी ती पद्धत आपली नव्हे.

काहीही बदलण्याआधी एक आठवडा नुसते लिहून ठेवावे. कॅलरी लिहू नयेत. किती वाजता खाल्ले, खरोखर किती भूक होती, बसून खाल्ले की उभ्याने, आणि त्याआधी काय चालले होते, एवढेच पुरे. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा रात्रीच्या जेवणामुळे वजन वाढते अशी माझी पक्की समजूत होती. वहीत मात्र सातपैकी पाच दिवस संध्याकाळी सहाच्या सुमारास एकच नोंद होती : ‘उभ्यानेच खाल्ले, फार भूक लागली होती.’ त्याच पाचही दिवशी दुपारचे जेवण मी कामाच्या गडबडीत उरकले होते किंवा वजनाच्या धास्तीने मुद्दाम अर्धवट सोडले होते. इतकी वर्षे मी रात्रीच्या ताटाला कात्री लावत होते आणि दुखणे होते दुपारी. दुपारी शांत बसून पोटभर जेवायला लागल्यावर संध्याकाळची ती झुंबड आपोआप ओसरली.

वहीत जे दिसेल त्यावरून पद्धत निवडावी. ज्यांना थोडे खाऊन थांबणे जड जाते पण एखादी गोष्ट पूर्ण सोडणे सोपे जाते, त्यांना दोन-तीन ठाम नियम बरे पडतात. ज्यांना ‘हे खायचे नाही’ म्हटले की तेच आठवत राहते, त्यांनी काहीही वर्ज्य न करता प्रमाण आणि वारंवारता कमी करावी. सकाळी ज्यांना मुळीच भूक लागत नाही त्यांना पहिले जेवण उशिरा घेणे सहज जमेल, पण जे उपाशी राहिले की चिडचिडे होतात आणि नंतर भरमसाट खातात, त्यांनी ठरावीक तासांच्या उपवासाच्या वाटेला जाऊ नये, मग तो इतरांना कितीही लाभलेला असो. घरात सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक होत असेल, तर आपल्यापुरते वेगळे शिजवावे लागणारी योजना चार आठवड्यांपलीकडे सहसा टिकत नाही, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

पद्धत कोणतीही असली तरी काही गोष्टी बहुतेक सर्वांना उपयोगी पडतात. प्रथिने आणि तंतुमय पदार्थ यांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते, म्हणून डाळी, कडधान्ये, भाज्या आणि सबंध फळे यांना प्रत्येक जेवणात जागा द्यावी. कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले तयार पदार्थ कमी करावेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अशा तयार पदार्थांचा आणि दोन आठवडे साध्या, कमी प्रक्रियेच्या पदार्थांचा आहार दिला. दोन्ही आहारांत ताटात वाढून दिलेल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश आणि तंतू सारखेच होते, आणि हवे तितके खाण्याची मोकळीक होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तयार पदार्थांच्या काळात ही माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. यातून मला मोठा दिलासा वाटतो तो असा की ‘माझे तोंडावर नियंत्रण नाही’ असे म्हणणाऱ्या अनेकांचे नियंत्रण ठीकच असते. समोर आलेले अन्नच जास्त खायला लावणारे असते. ते घरात कमी आणले की मनाशी झगडावे लागत नाही.

एका वेळी एक किंवा फार तर दोन बदल करावेत, आणि ते सर्वांत वाईट दिवसावर पारखून घ्यावेत. घरात कुणीतरी आजारी आहे, रात्रीची झोप झालेली नाही, काम संपत नाही, अशा दिवशी ठरवलेल्यापैकी निदान निम्मे तरी पाळता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर नियम आणखी सोपा करावा.

उद्दिष्ट लहान ठेवण्यात कमीपणा नाही, कारण शरीराला त्याचा लाभ खरोखर होतो. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के उतरले तरी रक्तदाब आणि रक्तातील साखर यांत सुधारणा होऊ शकते. मधुमेहाचा धोका असलेल्या ३,२३४ लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जीवनशैली बदलणाऱ्या गटापुढे वजन ७ टक्के कमी करण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण, औषधाऐवजी निव्वळ दिखाऊ गोळी घेणाऱ्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी झाले. ८० किलोंच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. वेग म्हणाल तर आठवड्याला अर्धा ते एक किलो पुष्कळ झाला, आणि त्याहून कमी असला तरी काही बिघडत नाही. फार झपाट्याने वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

वजनकाट्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण ध्यास लागण्याची सुरुवात बहुधा तिथेच होते. एके काळी मी रोज सकाळी काट्यावर उभी राहायची. आकडा पटला नाही की खाली उतरून हातातले घड्याळ काढायची, काटा सरकवून दुसऱ्या फरशीवर ठेवायची आणि पुन्हा चढायची. आठशे ग्रॅम वाढलेले दिसले की त्या दिवशी घरच्यांशी बोलण्यातही लक्ष नसायचे. त्या आठशे ग्रॅममध्ये चरबी जवळजवळ नव्हतीच, हे मला फार उशिरा कळले. शरीर पिष्टमय पदार्थांतली ऊर्जा ग्लायकोजेनच्या रूपात साठवते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. आदल्या दिवशीचे मीठ, मासिक पाळी, पोट साफ न होणे यांमुळेही काटा एका रात्रीत किलोभर हलू शकतो. उलट एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, तेव्हा एका जेवणाने किलोभर चरबी वाढणे शक्यच नाही. पिष्टमय पदार्थ सोडल्यावर पहिल्या आठवड्यात जे भराभर वजन उतरते, त्यातही मोठा वाटा पाण्याचाच असतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी वजन करून महिन्याचा कल पाहावा. तेवढ्यानेही दिवस बिघडत असेल, तर काटा नजरेआड ठेवावा आणि कंबरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा, किंवा दोन जिने चढल्यावर दम लागतो का, एवढेच पाहावे.

अन्नाचा ध्यास लागणे हा स्वभावदोष आहे असे अनेकांना वाटते. तसे नाही, हे दाखवणारा प्रयोग फार जुना आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी, धडधाकट तरुणांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवले. महायुद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. या तरुणांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले, पण त्याबरोबर त्यांचे मनही अन्नाभोवती फिरू लागले. ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, जेवण तासन्‌तास रेंगाळत खाऊ लागले, ताटे चाटूनपुसून साफ करू लागले. मित्र आणि छंद यांतले त्यांचे लक्ष उडाले. उपाशी शरीर मनाला दुसरे काही सुचू देत नाही. म्हणून दिवसभर खाण्याचेच विचार येऊ लागले की स्वतःला दोष देऊ नये. आपण फार कमी खातो आहोत का, हे आधी तपासावे आणि एक नियम शिथिल करावा.

आणखीही काही खुणा असतात. जेवणाचे निमंत्रण आले की टाळण्याची सबब शोधणे, एक घास ‘चुकला’ म्हणून उरलेला दिवस हवे तसे खाणे आणि दुसऱ्या दिवशी उपाशी राहून त्याची भरपाई करणे, खाल्लेले फेडण्यासाठी व्यायाम करणे. यांपैकी तिसरी खूण सहज नजरेतून सुटते, कारण व्यायामाचे सगळेच कौतुक करतात. व्यायाम हृदयासाठी, झोपेसाठी, स्नायू टिकवण्यासाठी करावा. त्याला दंडाचे रूप देऊ नये. झोपेबद्दल इतकेच की ती अपुरी राहिली तर भूक वाढते, त्यामुळे जेवणाचे नियम कडक करण्याआधी झोपेची वेळ सुधारून पाहावी.

सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा आठवडाभर वही लिहावी आणि पहिल्या पानांशी ताडून पाहावी. वजन उतरले नसेल पण बदल अंगवळणी पडला असेल, तर तो तसाच ठेवून आणखी एक बदल जोडावा. वजन उतरले असेल पण मन त्यातच गुंतून पडले असेल, तर पद्धत सैल करावी. काही महिन्यांनी वजन एका जागी थांबते, तेव्हा घाबरून ताट अर्धे करू नये. हलक्या शरीराला कमी ऊर्जा लागते, त्यामुळे तोच आहार आता वजन कायम राखण्यापुरता होतो. अशा वेळी दोन-तीन महिने आहे त्या वजनावर मुद्दाम थांबणे मला फार मोलाचे वाटते, कारण पुढे सांभाळायचे तेच असते.

काहींनी मात्र या वाटेला एकट्याने लागू नये. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण, आणि पूर्वी खाण्याचा विकार होऊन गेलेल्या व्यक्ती यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरील काही औषधांनी वजन वाढते. ती औषधे स्वतःहून बंद करू नयेत, पर्याय आहे का ते विचारावे. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणे, भराभर आणि चोरून खाणे, पाळी बंद होणे, चक्कर येणे यांपैकी काही होत असेल तर वजनाचा विषय बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. सोबत ती वही न्यावी, आणि बोलायला अवघड वाटत असेल तर नेमके ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवावे.