सिरिंजमध्ये दाखवा शुक्र, पृथ्वी आणि मंगळावरचा ज्वालामुखी

विज्ञान प्रदर्शनातला खायचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंगाचा ज्वालामुखी आता पुरे. ती रासायनिक अभिक्रिया आहे. ज्वालामुखीचा स्फोट बहुतेक वेळा होतो तो दाब घटला की शिलारसात विरघळलेला वायू बाहेर पडतो म्हणून. हा दाब प्रत्येक ग्रहावर वेगळा: शुक्राच्या पृष्ठभागावर पृथ्वीच्या सुमारे ९२ पट, मंगळावर शंभराव्या भागाहूनही कमी, बुधावर जवळजवळ शून्य.

मेडिकलमधून ५० मिलीची लूअर-लॉक (तोंडाला आटे असलेली) सिरिंज (सुई नको) आणि सलाईनला लावतात तो थ्री-वे (तीन तोंडांची कळ) आणा. शिवाय बाटलीतला प्यायचा साधा सोडा, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब आणि खिळा. सिरिंज कोरडी असतानाच दट्ट्या ४० मिलीपर्यंत ओढा आणि नळीच्या कडेला लागून दांड्याला तापलेल्या खिळ्याने आरपार भोक पाडा.

सोडा फ्रीजमधलाच हवा. एप्रिल-मेत जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकतो. तापलेली बाटली उघडली की बराचसा वायू तिथेच उडतो आणि प्रयोगाला फिका सोडा उरतो. ग्लासात ओता, फसफस ओसरू द्या, लिक्विडचा थेंब मिसळा, १० मिली हळूच ओढून घ्या.

आता हवा काढणे. बरेच प्रयोग इथेच फसतात आणि कुणाला कळतही नाही. आत २-३ मिली हवा राहिली तर दट्ट्या ओढल्यावर तीच फुगते. बघणाऱ्याला वाटते, सोड्यातून वायू निघाला. सिरिंज तोंड वर करून धरा, नळीवर टिचक्या मारा, रबराच्या कडेला चिकटलेले बुडबुडेसुद्धा वर येऊ द्या. थ्री-वेतून पाण्याचा थेंब दिसेपर्यंत दट्ट्या दाबा आणि त्याच क्षणी कळ सिरिंजकडे वळवून तोंड बंद करा. अंगठ्याने तोंड दाबून धरायचा सल्ला ऐकू नका. हवा शिरतेच.

मग दट्ट्या ४० पर्यंत ओढा, भोकात खिळा घाला, सिरिंज हलवा. चारपाच किलोचा जोर लागतो. मध्येच हात सोडला तर दट्ट्या फटकन आत जातो. १० मिली द्रव आणि ३० मिली वायू, म्हणजे ७५ टक्के बुडबुडे. साधारण याच प्रमाणाला शिलारसाचा फेस फाटून राख होते. हा झाला मंगळाच्या दिशेचा प्रवास. तिथे थोडा वायूही स्फोटाला पुरतो. दट्ट्या धरून खिळा काढा, हळू आत सोडा, मग जोराने दाबा: फेस बसतो. शुक्राची दिशा ही. पृथ्वीवर फुटला असता असा शिलारस तिथे बऱ्याचदा नुसता वाहतो.

दोन गोष्टी मुलांना स्पष्ट सांगा. हाताने ९२ पट दाब येत नाही, मंगळाइतका कमीही होत नाही. आणि सिरिंजमध्ये राखेचा ढग दिसत नाही: मंगळावर हवा विरळ आणि गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के, म्हणून राख दूर पसरते, बुधावर हवाच नाही, कण फेकलेल्या दगडासारखे जाऊन पडतात.

शेवटी टेबलावर विहिरीच्या खोदकामातला मांजऱ्या खडक ठेवा. भोकाभोकांचा, काही भोकांत पांढरे खनिज भरलेला. ही भोके म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातले बुडबुडे. खानदेशाखालचा हा बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) पृथ्वीच्याच दाबाखाली आला, तरी बहुतांशी न फुटता पसरला, कारण तो पातळ होता आणि वायूला सुटायला वाट होती. दाब एकटा सगळे ठरवत नाही, हे मुले यावरून स्वतःच ओळखतात.