घरपट्टीच्या हरकतीआधी: फीत, उतारा आणि तारीख

नगर परिषदेची चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणारी, घरपट्टीची फेरआकारणी झाली की घरी विशेष नोटीस येते. तीत जुने मूल्य, नवे मूल्य आणि हरकतीची शेवटची तारीख असते. बहुतेकांची नजर आकड्यावर जाते, पण आधी तारखेवर बोट ठेवा. 1965च्या नगर परिषद अधिनियमात हरकतीची मुदत आणि पुढचे अपील एकमेकांना बांधलेले आहेत. मुदतीत लेखी हरकत दिली नसेल तर बिल आल्यावरचे अपील दाखलच करून घेत नाहीत. बिल हातात पडल्यावर तावातावाने कार्यालयात जाणाऱ्याची बाजू खरी असली तरी वेळ गेलेली असते. नोटीस कुणी घेतली, कधी घेतली, हे पाकिटावरच लिहून ठेवा. दाराला चिकटवली असेल तर तिथेच फोटो काढा.

त्यानंतर मालमत्तेचा आकारणी उतारा मागवा. बऱ्याच नगर परिषदांत त्याला नमुना 43 म्हणतात. नोटिशीत फक्त बेरीज दिसते, चूक कुठे आहे ते उताऱ्यात कळते. बांधकामाचा प्रकार, मजला, क्षेत्रफळ, वापर, दर आणि बांधकामाचे वर्ष असे सहा रकाने वेगवेगळे तपासा. हिशेब अवघड नाही. क्षेत्रफळ गुणिले दरमहा दर गुणिले 12 म्हणजे वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले की करयोग्य मूल्य निघते आणि कराचे टक्के त्यावर लागतात. ती 10 टक्क्यांची वजावट खरंच झाली आहे का, हे कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहा.

क्षेत्रफळाचा रकाना चौरस मीटरचा आहे की चौरस फुटांचा, हेही तिथेच बघा. 20 बाय 30चे घर 600 चौरस फूट, म्हणजे 55.74 चौरस मीटर. मीटरच्या रकान्यात 600 पडले तर घर कागदावर पावणेअकरा पट मोठे होते. अशी चूक एका ओळीच्या अर्जावरही दुरुस्त होते, म्हणून ती पहिल्यांदा शोधायची.

आता मोजणी. 30 मीटरची फीत, दोन माणसे, आलेखाचा कागद आणि एक सकाळ एवढे पुरते. प्रत्येक मजल्याचा वेगळा नकाशा काढा आणि आतली व बाहेरची, दोन्ही मापे लिहा. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत या दोन मापांतले अंतर फार मोठे असते. माळवदाच्या, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताच्या, वाड्याच्या भिंती दोन-अडीच फुटांच्या असतात. बाहेरून 30 बाय 40 म्हणजे 1200 चौरस फूट भरणारे घर अडीच फुटी भिंती वजा केल्यावर आतून 25 बाय 35, म्हणजे 875 उरते, आणि मधल्या भिंती अजून धरलेल्याच नाहीत. फरक 325 चौरस फुटांचा, साधारण 30 चौरस मीटर. समजा दर महिना 10 रुपये चौरस मीटर असेल, तर एवढ्या भिंतींपोटी करयोग्य मूल्य सव्वातीन हजारांनी फुगते. आकारणी बाहेरच्या मापावर आहे की चटई क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवर, हे लेखी विचारा आणि दर त्याच मापासाठी ठरलेला आहे का, तेही विचारा. बाहेरचे माप आणि चटई क्षेत्राचा दर अशी सरमिसळ सापडली तर हरकतीत सगळ्यात आधी तोच मुद्दा घ्या.

सर्वेक्षण ड्रोन किंवा जीआयएसवरून (संगणकीय नकाशावरून) झाले असेल तर वरून दिसणारे छत मोजलेले असते. छज्जा, अंगणावरचा पत्रा, जनावरांचा गोठा, सगळे एकाच पांढऱ्या चौकोनात येते. जिना दोन्ही मजल्यांत धरलेला असतो. उघडी गच्ची तिसरा मजला होऊन बसते. पत्र्याची खोली आरसीसी म्हणून नोंदली जाते आणि माळवदाला स्लॅबचा दर लागतो. अशा प्रत्येक जागेचा फोटो घ्या. फोटोत एका कडेला उघडी फीत आणि मागे छत दिसले पाहिजे. नुसता भिंतीचा फोटो काही सिद्ध करत नाही.

वापराचा रकाना चुकला आहे का, हे ओळखायची एक सोपी खूण बिलातच असते. रोजगार हमी कर फक्त अनिवासी मालमत्तेला लागतो. राहत्या घराच्या बिलात ती ओळ दिसली तर कुणीतरी तुमचे घर दुकान म्हणून लिहिले आहे. समोरच्या खोलीला शटर असले की असे हमखास होते. त्यावर उत्तर म्हणजे महावितरणचे घरगुती दराचे वीजबिल आणि शटरच्या आतल्या खोलीचा फोटो. शिलाई मशीन असेल तर लपवू नका, तेवढ्याच खोलीचे माप वेगळे द्या. वीजजोडणी जुनी असेल तर घराचे वय दाखवायलाही वीजबिलाची मदत होते.

फायलीत खरेदीखत, नगर भूमापन कार्यालयातले मालमत्ता पत्रक, बांधकाम परवानगी, मागच्या तीन-चार वर्षांच्या पावत्या आणि आधारची प्रत लावा. बिलात अवैध बांधकामाची शास्ती (दंड) असेल आणि गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या विनापरवाना भूखंडांच्या नियमितीकरणात, घर नियमित झाले असेल, तर ते प्रमाणपत्र सगळ्यात वर. उताऱ्यावर अजून वारलेल्या वडिलांचे नाव असेल तर वारसांपैकी एकाने अर्ज करावा आणि बाकीच्यांचे संमतिपत्र जोडावे. मुलगा पुण्याला असेल तर सुनावणीला येणाऱ्याकडे अधिकारपत्र हवे. माजी सैनिक किंवा शहिदाच्या पत्नीसाठी घरपट्टी माफीची वेगळी योजना आहे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो आणि तो अर्ज हरकतीत मिसळू नये.

आकारणी यादी पाहण्याचा आणि तीतून टिपून घेण्याचा अधिकार मालकाला आहे. त्याच गल्लीतल्या, त्याच प्रकारच्या तीन-चार घरांचे दर उतरवा. फक्त दरच उतरवा. शेजाऱ्याचा मजला नोंदलेला नाही असे लिहिलेत तर तुमचे मूल्य कमी होणार नाही, गल्लीत वैर मात्र होईल.

हरकत एका पानाची असावी. मालमत्ता क्रमांक, नोटिशीची तारीख, मग मुद्दे. प्रत्येक मुद्द्यात उताऱ्यातला आकडा, प्रत्यक्ष आकडा आणि पुरावा. रस्ता नाही, नाली तुंबली, नळाला आठ दिवसांआड पाणी येते, हे सगळे खरे असले तरी मूल्य त्यावर ठरत नाही आणि खरा मुद्दा त्याखाली दबतो. शेवटी स्थळपाहणी करून फेरमोजणीची मागणी लिहा. दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सुनावणी प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्यापुढे होते आणि एकेकाला मिनिटे मिळतात. मूळ कागद, नकाशा आणि तुमचा हिशेब मांडलेला अर्धा कागद समोर ठेवा. पाहणीला कर्मचारी आले तर पंचनाम्यावर सही करण्याआधी मापांचे आकडे वाचा. कोऱ्या रकान्यावर सही नको.

हरकत प्रलंबित आहे म्हणून बिल थांबत नाही. थकीत रकमेवर महिन्याला 2 टक्के शास्ती चढते. म्हणून ‘हरकतीस अधीन राहून’ असा अर्ज देऊन भरणा करा. निकाल पटला नाही तर बिल मिळाल्यापासून 15 दिवसांत मालमत्ता कर अपील समितीकडे जाता येते, पण मागणीची रक्कम आधी जमा करावी लागते. छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि जालना इथे महापालिकेचा कायदा लागू असल्याने अपील कलम 406 खाली न्यायाधीशांकडे जाते. तिथेही 15 दिवस आणि आधी भरणा.

ग्रामपंचायतीत उतारा नमुना 8 आणि मागणी नमुना 9. 2015च्या दुरुस्तीपासून कर भांडवली मूल्यावर आहे, त्यामुळे तिथे भाडेदराऐवजी जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घसारा (वयानुसार मूल्यातली घट) आणि वापराचा भारांक (वापरानुसार लागणारा गुणक) तपासा. जुन्या घराला नव्याचा घसारा लागलेला अनेकदा सापडतो.

निकाल तुमच्या बाजूने लागला तर आदेशाची प्रत घ्या आणि मागणी नोंदवहीत दुरुस्ती झाली का ते स्वतः पाहा. आदेश कपाटात आणि संगणकात जुनाच आकडा असला तर पुढच्या वर्षी जुनेच बिल येईल. जास्त भरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.