मुंबईत मुक्काम कुठे करावा? आधी लाइन, मग स्टेशन, शेवटी लॉज

गावाकडून फोन येतो तो बहुतेक असाच असतो. "दादा, पुढच्या आठवड्यात मुंबईला यायचंय, एखादं बरं लॉज सांगा की." मी लॉजचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, काम कुठे आहे आणि किती वाजता आहे?

हे विचारायची सवय एका प्रसंगामुळे लागली. आमच्या ओळखीचा एक मुलगा आईला परळच्या हॉस्पिटलात दाखवायला घेऊन आला होता. फोनवर स्वस्त आणि स्वच्छ खोली मिळाली, पत्त्यात 'मुंबई' लिहिलेलं होतं, त्याने आठवड्याचे पैसे भरून टाकले. खोली निघाली पनवेलच्या अलीकडे. रोज पहाटे रिक्षा, मग हार्बरची लोकल, मग गाडी बदलून परळ, आणि संध्याकाळी हेच उलट. त्या माउलीला तपासण्यांपेक्षा प्रवासाने जास्त थकवलं. खोली खरंच चांगली होती, पण त्यांच्या कामाच्या गावाला नव्हती. तेव्हापासून खोली शोधायच्या आधी काय करायचं हे मी प्रत्येकाला सांगत आलोय. तेच इथे क्रमाने लिहितो.

१. कामांची यादी करा आणि प्रत्येकासमोर स्टेशन लिहा

नाशिक किंवा नागपूरला गावाच्या मधोमध उतरलं की सगळीकडे साधारण सारखंच अंतर पडतं. मुंबई तशी नाही. ती कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत उभी, चिंचोळी पसरली आहे, आणि तिचा सगळा व्यवहार वर-खाली चालतो. त्यामुळे इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. कागद घ्या, एकेक काम लिहा, त्यापुढे जवळचं स्टेशन आणि वेळ लिहा.

नेहमी लागणारी ठिकाणं सांगतो. मंत्रालयासाठी चर्चगेट, तिथून पायी पंधराएक मिनिटं, आणि आता भुयारी मेट्रोचं विधान भवन स्टेशनही जवळ आहे. हायकोर्टासाठी चर्चगेट किंवा सीएसएमटी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दोन्हीकडून चालत जाता येतं. टाटा मेमोरियल, केईएम आणि वाडिया ही तिन्ही रुग्णालयं परळला. मध्य रेल्वेने आलात तर परळ स्टेशन, पश्चिम रेल्वेने आलात तर प्रभादेवी, म्हणजे २०१८ पर्यंतचं एल्फिन्स्टन रोड. जे. जे. साठी भायखळा किंवा सँडहर्स्ट रोड. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे सगळे ज्याला बीकेसी म्हणतात तिथे. राणीचा बाग पाहायचा तर भायखळा, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी लेणी पाहायची तर बोरिवली. जाता जाता एक सांगतो, हे उद्यान आणि घारापुरीची लेणी दोन्ही सोमवारी बंद असतात.

इथेच एक गोष्ट दोनदा तपासा. 'मुंबईला बोलावलंय' याचा अर्थ नेहमी मुंबई शहर असा नसतो. एमपीएससीचं कार्यालय सीबीडी बेलापूरला आहे. टाटाचंच दुसरं केंद्र खारघरला आहे आणि परळहून रुग्णांना तिकडे पाठवतात. बोलावणं खारघरचं आणि मुक्काम दादरला, असं झालेलं मी पाहिलंय. पत्रावरचा किंवा केसपेपरवरचा पूर्ण पत्ता वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. आता लाइन ठरवा

मुंबईत लोकलच्या मुख्य लाइन तीन. पश्चिम, म्हणजे चर्चगेट ते विरार आणि पुढे डहाणूपर्यंत. मध्य, सीएसएमटी ते ठाणे, कल्याण आणि पुढे कसारा किंवा कर्जत. हार्बर, सीएसएमटीहून वडाळा, कुर्ला, वाशीमार्गे पनवेल. त्याशिवाय ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स-हार्बर आहे.

तुमची बहुतेक कामं ज्या लाइनवर आहेत त्याच लाइनवर राहा. सांगायला साधं आहे, पण फोनवरचा नकाशा लोकांना इथेच चकवतो. नकाशात अंधेरी आणि घाटकोपर शेजारी दिसतात. पण अंधेरी पश्चिम लाइनवर आणि घाटकोपर मध्य लाइनवर. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू होईपर्यंत रेल्वेने एकीकडून दुसरीकडे जायचं तर दादरला उतरून गाडी बदलावी लागे. आडवा प्रवास हे मुंबईचं जुनं दुखणं आहे. मेट्रोने ते बरंच कमी केलं, तरी लाइन बदलायची म्हणजे पूल चढणं, गर्दीतून वाट काढणं आणि अर्धा तास जास्त हातात ठेवणं आलंच. वयस्कर माणूस बरोबर असेल तर पुलाच्या पायऱ्या हाच मोठा प्रश्न असतो.

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि मुक्कामाची काही गणितं बदलली. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स, बीकेसी, दादर, सिद्धिविनायक, वरळी, गिरगाव, सीएसएमटी आणि विधान भवन ही सगळी स्टेशनं एका रेषेत आली. कामं बीकेसीला आणि मंत्रालयात विभागलेली असतील तर या मार्गाजवळची खोली शोधा.

३. गर्दी कुठल्या दिशेला वाहते ते पाहा

बाहेरून येणाऱ्याला हे कोणी सांगत नाही आणि त्याचे हाल इथेच होतात. सकाळी साधारण आठ ते अकरा गर्दी दक्षिणेला वाहते, चर्चगेट आणि सीएसएमटीच्या बाजूला. संध्याकाळी पाच ते नऊ ती उत्तरेला परतते. बीकेसी, अंधेरी, पवईकडे ऑफिसं गेल्यापासून उलट दिशेलाही गर्दी वाढली आहे, पण मूळ ओघ अजून हाच.

म्हणजे सकाळी दहाला मंत्रालयात पोचायचं असेल आणि तुम्ही ठाण्यात किंवा बोरिवलीला उतरला असाल, तर तुम्हाला रोजच्या प्रवाशांबरोबर डब्यात शिरावं लागेल. त्यांना सवय आहे. कुठल्या दारातून चढायचं, कुठे सरकायचं हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. बॅग आणि फाइल घेतलेल्या नव्या माणसाचं ते काम नाही. दक्षिणेत राहून उत्तरेला कामाला जाणाऱ्याला मात्र तुलनेने मोकळी गाडी मिळते. म्हणून सकाळचं काम असेल तर एक तर कामाच्या पायी अंतरावर राहा, नाही तर कामाच्या दक्षिणेला. भाडं रोज चार-पाचशे रुपये जास्त पडलं तरी मी हेच सांगेन.

४. मग स्टेशन निवडा

इथे मी माझं मत स्पष्ट सांगतो. पहिल्यांदा येत असाल आणि कामं दोन-तीन ठिकाणी असतील तर दादर. पश्चिम आणि मध्य दोन्ही लाइन इथे मिळतात, मोजक्याच स्टेशनांवर थांबणाऱ्या फास्ट गाड्या थांबतात, राज्यातून येणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्याही थांबतात, आणि आता मेट्रोही आहे. मराठी खाणं, औषधाची दुकानं, फुलबाजार, सगळं चालत जाण्याइतकं जवळ. अडचण एकच, स्टेशनची गर्दी भयंकर आहे. शिवाय तुम्ही आधी येऊन गेला असाल तर लक्षात ठेवा, डिसेंबर २०२३ पासून फलाटांचे आकडे सलग झाले. १ ते ७ पश्चिमेचे आणि ८ पासून पुढे मध्य रेल्वेचे. 'एक नंबरवर भेटू' म्हणताना आता घोटाळा होत नाही.

मंत्रालय, हायकोर्ट, गेटवे, संग्रहालय एवढंच असेल तर फोर्ट किंवा सीएसएमटीच्या आसपास राहा. रात्री हा भाग शांत होतो, दुकानं लवकर बंद होतात, पण सकाळी चालत कामावर पोचता येतं. कुलाबा पर्यटकांचा, त्यामुळे महाग. गिरगाव मला स्वतःला आवडतं. चर्नी रोड स्टेशन, जवळ चौपाटी, घरगुती जेवण, आणि आता मेट्रोही दारात. लॉज मोजकीच आहेत, म्हणून आधी फोन करावा लागतो.

विमानाने येणाऱ्यांनी अंधेरी पूर्व किंवा विलेपार्ले पाहावं. मात्र तिकिटावर विमानतळ कुठला आहे ते वाचा. नवी मुंबईचा विमानतळ उलव्याकडे आहे आणि तिथे उतरून अंधेरीत मुक्काम म्हणजे शहर आडवं ओलांडणं. वाशी, बेलापूर, खारघरला काम असेल तर सरळ नवी मुंबईतच राहा. ठाणं राहायला छान आहे, खोल्या ऐसपैस मिळतात, पण ठाण्यात, घाटकोपरला किंवा मुलुंडला काम असेल तरच.

उतरण्याचं टर्मिनसही जमेस धरा. लोकमान्य टिळक टर्मिनस 'कुर्ल्याला' म्हणतात खरं, पण ते कुर्ला लोकल स्टेशनपासून वेगळं आहे. हार्बरचं टिळकनगर त्याला जवळ पडतं. वांद्रे टर्मिनसही वांद्रे लोकल स्टेशनपासून बाजूला, पूर्वेला आहे. सामान जास्त असेल तर हा छोटा टप्पाच जड जातो.

५. पूर्व की पश्चिम, आणि पिनकोड

मुंबईत प्रत्येक उपनगराचे रेल्वेरुळांनी दोन भाग केले आहेत. अंधेरी पूर्व आणि अंधेरी पश्चिम ही जवळजवळ दोन गावं आहेत. रिक्षाने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचं तर संध्याकाळी अर्धा-पाऊण तास सहज जातो. पत्त्यात पूर्व-पश्चिम लिहिलं नसेल तर विचारून घ्या.

जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' लिहिलेलं असतं. त्यावर न जाता पिनकोड बघा. ४०००१२ म्हणजे परळ, ४०००१४ म्हणजे दादर पूर्व, ४०००२८ म्हणजे दादर पश्चिम, ४०००५१ म्हणजे वांद्रे पूर्व आणि बीकेसी, ४०००५८ अंधेरी पश्चिम, ४०००६९ अंधेरी पूर्व. पिनकोड ४००६, ४००७ किंवा ४१०२ ने सुरू होत असेल तर जागा ठाणे किंवा नवी मुंबईच्या बाजूला आहे, पत्त्यात काहीही लिहिलेलं असो. परळच्या त्या मुलाने एवढं पाहिलं असतं तर आईचे हाल वाचले असते.

रिक्षाचंही ध्यानात ठेवा. वांद्र्याच्या आणि शीवच्या (सायनच्या) पुढे दक्षिणेला रिक्षा चालत नाही. दादर, परळ, फोर्ट, गिरगाव इथे काळी-पिवळी टॅक्सी, बेस्टची बस किंवा पाय. खोली स्टेशनपासून लांब असेल तर रोजचा टॅक्सीचा खर्च भाड्यात धरून मगच स्वस्त-महाग ठरवा.

पावसाळ्यात येत असाल तर आणखी एक. हिंदमाता, शीव, किंग्ज सर्कल, अंधेरीचा सबवे, सांताक्रूझचा मिलन सबवे इथे पाणी भरायची जुनी खोड आहे. जोराच्या पावसात या सखल जागांपलीकडे जायचं काम असेल तर कामाच्या बाजूलाच मुक्काम करा.

६. उपचारासाठी येत असाल तर

आधी लॉज शोधू नका. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन राहण्याची सोय विचारा. टाटाला येणाऱ्या रुग्णांसाठी दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आणि इतरही काही धर्मशाळा, संस्था आहेत. बऱ्याच ठिकाणी रुग्णालयाची चिठ्ठी, केसपेपर आणि आधार कार्ड लागतं. जागा लगेच मिळेलच असं नाही, प्रतीक्षा असते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस परळ-दादर भागात साधी खोली घ्या आणि पहिल्याच दिवशी त्या विभागात नाव नोंदवा. आठवड्याचे पैसे आगाऊ भरू नका. उपचार किती दिवस चालतील हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच लांबचा मुक्काम ठरवा.

रुग्णाला केमोनंतर उलट्या, अशक्तपणा असतो. त्यामुळे चालत पाच-दहा मिनिटांवरची साधी खोली ही लोकलने अर्ध्या तासावरच्या चांगल्या खोलीपेक्षा केव्हाही बरी. लिफ्ट आहे का आणि कमोड आहे का, हेही विचारा. परळ-दादरच्या जुन्या इमारतींत दोन्ही असतीलच असं नाही.

७. पैसे भरण्याआधी एक फोन

लॉजवर स्वतः फोन करा. पहिला प्रश्न, चेक-आउट २४ तासांचं की दुपारी १२ चं? सोलापूर, कोल्हापूर, मराठवाड्याकडून रात्री निघालेला माणूस पहाटे उतरतो. १२ च्या नियमात पहाटे पाचला खोली घेतली तर सात तासांत एक दिवस संपतो. २४ तासांच्या नियमात तो दुसऱ्या पहाटेपर्यंत चालतो. १२ चाच नियम असेल तर सामान क्लोकरूमला ठेवा, स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये अंघोळ उरका आणि दुपारी खोलीवर जा. दुसरा प्रश्न, जवळचं स्टेशन कुठलं, कुठल्या बाजूला उतरायचं आणि चालत किती? उत्तर देताना समोरचा चाचरला तर दुसरं लॉज पाहा. तिसरा, रात्री उशिरा दार उघडतात का? लोकल रात्री एकच्या सुमारास थांबतात आणि पहाटे चारच्या सुमारास सुरू होतात, तेव्हा शेवटच्या गाडीने परतणाऱ्याला हे आधी माहीत हवं.

रविवारी येत असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकची बातमी वाचा. दुरुस्तीसाठी त्या दिवशी काही मार्गांवर गाड्या बंद असतात किंवा वळवतात.

खोलीत सामान टाकल्यावर, अंगात त्राण असेल तर, त्याच संध्याकाळी एकदा स्टेशनपर्यंत चालत जाऊन या. कुठला पूल, कुठला फलाट, कामाच्या ठिकाणी जाणारी स्लो गाडी कुठे लागते, तिकीट खिडकी कुठे, सगळं डोळ्यांखालून घाला. वाटेत चहा घ्या. सकाळी फाइल हातात घेऊन निघाल तेव्हा रस्ता ओळखीचा असेल.