गावरस्त्यावरचा खड्डा: कशाने भरला तर किती टिकतो

वऱ्हाडातले बरेचसे गावरस्ते काळ्या मातीवर आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे खड्डा दिसला की आधी तळाशी सब्बल मारून बघा. टणक गिट्टी लागली तर काम स्वस्तात होईल. सब्बल चिखलात रुतली तर वरून कितीही महाग माल टाका, पुढच्या पावसाळ्यात खड्डा तिथेच.

हिशेबासाठी 1 मीटर लांब, 80 सेंमी रुंद, 10 सेंमी खोल खड्डा धरू. हा 0.08 घनमीटर झाला. सैल मुरूम साधारण 0.1 घनमीटर लागेल. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, म्हणजे ब्रासभर मुरमात असे पंचवीसेक खड्डे उरकतात. मुरमाचा मोह होतो तो यामुळेच. पण पाण्यात त्याचा चिखल होतो आणि चाकं तो उडवून नेतात. सोयाबीनच्या ट्रॉल्या निघेपर्यंत वाट चालू ठेवायची एवढाच त्याचा उपयोग. त्याला दुरुस्ती म्हणू नये.

याच खड्ड्याला गरम डांबरी माल सुमारे 180 किलो लागतो. किलोमागे तो थंड मिश्रणापेक्षा (पिशवीत तयार मिळणारा, गरम न करता भरायचा डांबरी माल) बराच स्वस्त पडतो, पण प्लांटवरून टिप्पर आणावा लागतो. चार खड्ड्यांसाठी टिप्पर परवडत नाही, चाळीस असतील तर हाच घ्या. माल 150 ते 165 अंशांना तयार होतो, पसरताना निदान 140 हवा आणि 90 च्या खाली जायच्या आत दाबून झाला पाहिजे. टिप्परवर ताडपत्री नसेल तर हिवाळ्यात तो वाटेतच गार होतो. मग कितीही रोलर फिरवा, माल भुसभुशीतच राहतो.

भर पावसात थंड मिश्रणाच्या पिशव्या बऱ्या. 25 किलोच्या सातेक लागतील. पिशवी आयत्या वेळी फोडा. आत गोळे झाले असतील तर परत करा.

माल कोणताही असो, टिकणं ठरतं ते कापण्यावर. तुटलेल्या कडेपासून 10-15 सेंमी बाहेर, चांगल्या डांबरात चौकोन आखा आणि छन्नीने कडा उभ्या कापा. कड बशीसारखी उतरती ठेवली तर तिथला पातळ थर महिन्याभरात उडतो. पाणी, चिखल, धूळ सगळं काढा. तळ ओला व काळा असेल तर टणक लागेपर्यंत खणा, गिट्टी आणि मुरूम 7-8 सेंमीच्या थरांनी दुर्मुसाने ठोकून वर आणा. नंतर इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर: जुन्या डांबरावर चौरस मीटरला पाव किलो, उघड्या गिट्टीवर पाऊण ते एक किलो, उभ्या कडांना ब्रशने. त्याचा तपकिरी रंग काळा होईपर्यंत थांबा. डबकं साचू देऊ नका, वरचा माल सरकतो.

डांबरी माल भरतानाही दाबलेला थर साडेसात सेंमीहून जाड नको. आपल्या खड्ड्यात दोन थर झाले. कडेकडून मधे दाबत या. शेवटी सेंटीमीटरभर उंच ठेवा, वाहनांनी तो बसतो. चाकाला चिकटू नये म्हणून वर थोडी दगडाची चुरी.

हातपंपासमोर किंवा जिथे सांडपाणी रोज रस्त्यावरून वाहतं तिथे डांबराचा नाद सोडा. काँक्रीट घाला, पण निदान सात दिवस पाणी मारा आणि तेवढे दिवस त्यावरून ट्रॅक्टर जाऊ देऊ नका.

आता साइडपट्टी. गवत आणि माती साचून ती डांबराच्या वर आली असेल तर पाणी रस्त्यावरच थांबतं. ती छाटून मीटरला 4-5 सेंमी बाहेरच्या बाजूला उतार द्या. या कामाला लागते फक्त मजुरी, आणि खड्डा भरण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर ग्रामपंचायतीचा पैसा घालण्याआधी रस्त्यावरचा फलक वाचा: काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते.

ही कामं मृगाआधी उरका. पहिल्या मोठ्या पावसानंतर प्रत्येक ठिगळाची कड बघा. बाकी रस्ता सुकला तरी कडेची रेघ ओली राहत असेल, तर ती पूर्ण सुकल्यावर तिथे इमल्शन ओतून बारीक चुरी दाबा.