सेल्फ लागेना? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

दुचाकीचा स्टार्टर दाबला की नुसतं टिकटिक वाजतं, मीटरचे दिवे मंदावतात आणि बॅटरीवर खापर फुटतं. खरा दोष पुष्कळदा सैल टर्मिनलमध्ये किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये (निगेटिव्ह केबल इंजिन-फ्रेमला जिथे जोडलेली असते तिथे) असतो. नवी बॅटरी बसवताना टर्मिनल आवळली जातात, गाडी चालू होते आणि दोष बॅटरीचाच होता असं वाटतं.

पहिली चूक म्हणजे गाडी बंद असताना व्होल्टेज बघून बॅटरी चांगली ठरवणं. चार्जिंगनंतर किंवा गाडी चालवून आल्यावर काही तास थांबून मोजलं, तर १२ व्होल्टची पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ च्या खाली आली असेल तर आधी चार्ज करा. पण खराब झालेली बॅटरीही नुसती बसून १२.६ दाखवू शकते. म्हणून मल्टिमीटर लावलेला ठेवून सेल्फ मारा. बॅटरी भरलेली असूनही आकडा ९.६ च्या खाली घसरला, तर तिच्यात दम उरलेला नाही. आकडा साडेदहा-अकराच्या आसपास टिकूनही सेल्फ जड फिरत असेल, तर बॅटरी सोडा आणि जोडण्या बघा.

ही तपासणी फार थोडे जण करतात, आणि उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा, केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही. दुसरं टोक इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर धरा आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर त्या वाटेवर कुठेतरी गंज, रंगाचा थर किंवा सैल बोल्ट वीज अडवतोय. अशीच तपासणी पॉझिटिव्ह खांब आणि स्टार्टर मोटरच्या टर्मिनलमध्ये करा. वाटेत रिले (स्टार्टरला वीज सोडणारा स्विच) असल्यामुळे तिथे थोडा जास्त आकडा चालतो. केबल वरून धडधाकट दिसते, पण लगच्या आत तारा हिरव्या पडलेल्या असतात, म्हणून नुसत्या नजरेवर जाऊ नका.

टर्मिनल साफ करताना आधी निगेटिव्ह काढा, जोडताना ती शेवटी जोडा. क्रम उलटा केला आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना फ्रेमला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा. बॅटरीला पाणी भरायची झाकणं असतील तर सोडा आत जाऊ देऊ नका. कोरडं करून पॉलिश पेपर फिरवा. पेट्रोलियम जेली जोडणी आवळल्यावर वरून लावा.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून चार्जिंग ‘तपासणं’ तर मुळीच नको. व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिनचा कंट्रोल युनिट) किंवा चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जळू शकतो. त्याऐवजी बॅटरी जोडलेली ठेवून इंजिन ४,००० ते ५,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ठेवून तिच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. बहुतेक गाड्यांत ते १३.५ ते १४.८ मध्ये येतं. १५ ओलांडलं तर रेग्युलेटर-रेक्टिफायर संशयित. १३ च्या आतच अडकलं तर आधी स्टेटरचा (इंजिनमध्ये वीज तयार करणाऱ्या कॉइलचा) कपलर, म्हणजे वायरजोड, उघडा. पिना काळवंडल्या असतील किंवा प्लास्टिक वितळलं असेल, तर दोष तिथेच आहे.

फ्यूज उडाला म्हणून जास्त अँपिअरचा टाकू नका. शॉर्ट तसाच राहतो आणि फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

चार्जर लावताना करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका ठेवा, म्हणजे ९ एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीला ०.९ अँपिअर. पाणी भरायच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, तेही वरच्या रेषेपर्यंतच. सीलबंद बॅटरी उघडू नका.

गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरत असेल, तर इग्निशन बंद करून निगेटिव्ह केबल सोडवा आणि केबल व खांबाच्या मध्ये ॲमीटर लावा. काही मिलिअँपिअर दिसणं साधारण आहे. शंभराच्या घरात गेलं तर एकेक फ्यूज काढत जा. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली येईल, गळती त्याच्या सर्किटमध्ये आहे. अलार्म, जीपीएस, मोबाइल चार्जर अशी बाहेरून जोडलेली वस्तू सगळ्यात आधी सोडवून बघा. ॲमीटर जोडलेला असताना इग्निशन किंवा सेल्फला हात लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल.