शेजारी दगडखाण असेल तर विहिरीची वही अशी ठेवा

विहिरीचं पाणी खाणीमुळे गेलं अशी तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "यंदा पाऊसच कमी झाला." पुण्याजवळच्या वाघोली-लोणीकंदच्या खाणपट्ट्यात शेती करणाऱ्या आम्हा लोकांना हे पाठ झालंय. याला तोड म्हणजे एक वही आणि दोन विहिरी.

आपल्या काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे नसतं. वरचा मुरूम, मांजऱ्या (सच्छिद्र, ठिसूळ खडक) आणि कातळाच्या भेगा, एवढ्यातच ते साठतं आणि वाहतं. खाणीचा तळ पाण्याच्या पातळीखाली गेला की भेगांतलं पाणी खड्ड्यात उतरतं, आणि काम चालू राहावं म्हणून ते पंपाने उपसून ओढ्यात सोडलं जातं. त्यामुळे खाणीत पंप दिसला त्याच दिवशी वही सुरू करा. विहीर आटायची वाट पाहू नका.

विहिरीच्या काठावर तैलरंगाने खूण करा. वजन बांधलेला टेप त्याच खुणेवरून सोडायचा, आठवड्यातून एकदा, पहाटे, कुणाचीही मोटार चालू होण्याआधी. दुसरा आकडा त्याहून महत्त्वाचा: उपसा झाल्यावर मोटार बंद करून तासाभरात पाणी किती चढलं ते लिहा. पावसाळ्यात पातळी बरी दिसते, पण झरे मेले असतील तर ते इथेच कळतं.

आता दुसरी विहीर. खाणीपासून लांबची, पण तशाच खडकातली, साधारण तेवढ्याच खोलीची, त्याच महसूल मंडळातली. दोन्ही एकाच दिवशी मोजा आणि मंडळाचे पावसाचे आकडे सोबत जोडा. पाऊस दोघींवर सारखाच पडला. मग तुमचीच का उतरली, हे समोरच्याने सांगावं.

जमिनीचंही टिपून ठेवा. क्रशरची भुकटी दवात भिजून पानावर घट्ट बसते, पानाची रंध्रं बुजतात. खाणीकडच्या आणि लांबच्या वाफ्यातली एकाच पिकाची पानं काळ्या कापडावर शेजारी ठेवून फोटो काढा. पावसात वाहून आलेली कच वाफ्यात बसली की वर पापुद्रा धरतो आणि पाणी जिरत नाही. त्याचाही फोटो हवा. ई-पीक पाहणी चुकवू नका, कारण पिकाची नोंदच नसेल तर नुकसान कशाचं दाखवणार?

माहिती अधिकारात खाणपट्ट्याची हद्द, मंजूर खोली आणि पर्यावरण मंजुरीच्या अटी मागवा. पट्टा लहान आहे, मंजुरी लागत नाही, असं कुणी म्हणालं तर सर्वोच्च न्यायालयाचा दीपक कुमार खटल्यातला 27 फेब्रुवारी 2012 चा आदेश दाखवा. पाच हेक्टरखालच्या गौण खनिज (दगड, मुरूम, वाळू) पट्ट्यांनाही त्यात मंजुरी बंधनकारक केली. तक्रार तहसीलदार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून पाहणीची मागणी. प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

पंचनाम्याला घाई करू नका. आमच्या वस्तीवर मसुद्यात नुसतं "विहिरीत पाणी दिसून आले" एवढंच होतं. थोरल्या दादांनी सर्वांसमोर टेप सोडला, पातळी फुटांत लिहून घेतली आणि मगच सही केली.

पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यातच आहे. तिथे वाद नेण्याची मुदत, वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून 6 महिने, नुकसानभरपाईसाठी 5 वर्षं. ती तारीख तुमच्या वहीतूनच ठरेल, म्हणून नोंद मोजलं त्याच दिवशी, पेनाने, खाडाखोड न करता करा.