आयुष्यभर टिकणारं सामान घ्यायचंय? आधी झिजणारा भाग बघा

परवा पुतण्या पेन घेऊन आला दाखवायला. ऑनलाईन मागवलेला, साडेतीन हजाराचा, मेटल बॉडी, डबी तर अशी की आत दागिनाच आहे. म्हणाला काका, आता हा रिटायर होईपर्यंत बास. मी विचारलं शाई संपल्यावर काय करणार, तर त्या कंपनीची स्वतःचीच वेगळ्या मापाची कार्ट्रिज लागते आणि ती सोलापुरात कुठंच मिळंना, मागवायची तर शाईपेक्षा कुरिअर महाग. आता तो पेन शोकेसमध्ये आहे आणि पोरगं दहा रुपयाच्या बॉलपेननं लिहायलंय.

हसायचं नाही, माझं पण असंच झालेलं आहे, एकदा नाही चारदा. म्हणून आता दुकानात गेलो की एकच प्रश्न विचारतो, मालक, ह्यातलं आधी काय जाणार आणि गेल्यावर ते मला कुठं मिळणार? दुकानदार गडबडला की समजायचं वस्तू कितीही जड नि चकचकीत असू दे, आपल्या कामाची नाही. कारण कुठलीच वस्तू अख्खी टिकत नाही हो, तिच्यात एक भाग राहणारा असतो आणि एक झिजणारा, आणि झिजणारा स्वस्तातला, सगळीकडं चालणाऱ्या मापाचा आणि गावात मिळणारा पाहिजे. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

पेनापासूनच सुरू करू. शाईपेन घेणार असाल तर माझं मत सरळ आहे, आपल्याकडचा एबोनाईटचा हाताने भरायचा पेन घ्या, ड्रॉपरनं शाई टाकायची तो. एबोनाईट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, हाताला प्लॅस्टिकसारखं गार लागत नाही, आणि घाम आला तरी सटकत नाही, मे महिन्यात हे फार कामाला येतं. राजमुंद्रीचे रत्नम पेन १९३० च्या दशकात स्वदेशीच्या आग्रहातून सुरू झाले, तेव्हापासून तिकडं ही कारागिरी चालू आहे, तमिळनाडूतपण असे पेन हातानं लेथवर करून देतात. ह्यात कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी आतली नळी) नाही, कार्ट्रिज नाही, म्हणजे बिघडायला उरतं काय तर निब आणि जीभ, म्हणजे निबखालचा शाई पुढं आणणारा तुकडा. निब नुसती दाबून बसवलेली असते, ५ नंबर आणि ६ नंबर ही मापं चालतात, ती ओढून काढायची आणि दुसरी बसवायची. घेताना एवढंच विचारा की निब ह्या मापाची आहे ना आणि बाहेर ओढता येते ना, चिकटवलेली असेल तर राहू द्या.

आता ह्याचा एक त्रास सांगतो, नाहीतर शर्ट खराब झाल्यावर मला शिव्या घालाल. हाताने भरायच्या पेनात शाई अर्ध्याच्या खाली गेली की आत हवा जास्त होते, हाताच्या उबेनं ती फुगते आणि शाई ढकलून टपकन थेंब पाडते. गार खोलीतला पेन उबदार हातात किंवा उन्हात गेला की हमखास. उपाय काही मोठा नाही, शाई अर्ध्यावर आली की भरून टाका आणि उन्हाळ्यात पेन खिशात न ठेवता टेबलावर उभा ठेवा, निब वर करून. आट्यांना चिमूटभर सिलिकॉन ग्रीस लावलं तर तिथनं गळत नाही. आणि एबोनाईट खिडकीच्या उन्हात ठेवू नका, काळा रंग हिरवट-तपकिरी पडतो. चालतो पेन, पण दिसायला मग जुन्या रबरी चपलेसारखा दिसतो.

धुवायचं पाणी, हे सोलापूरवाल्यांनी खास लक्षात ठेवा. बोअरच्या पाण्यानं पेन धुतला तर क्षार बसतात, तेच पांढरं जे बादलीच्या काठाला बसतं ना ते, आणि जिभेच्या बारीक चिरेत अडकलं की शाई तुटक यायला लागते मग आपण निबला शिव्या देत बसतो. फिल्टरचं पाणी घ्या, वाटीभर पुरतं. शाई साधी घ्या, कॅमलिन १९३१ पासून शाई करतंय आणि कुठल्याही पेठेत मिळते, पण रॉयल ब्ल्यू पाण्यानं धुवून जाते हे ध्यानात ठेवा, चेकवर आणि खरेदीखतावर तिनं सही करू नका. आणि ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई शाईपेनात कधीच घालायची नाही, आत वाळली की पेन गेला.

शाईपेनाची कटकट नको असेल त्यांनी मेटलचा बॉलपेन घ्यावा, पण ज्यात पार्कर टाईप रिफिल बसते असाच. हे माप आता कुठल्या एका कंपनीचं राहिलेलं नाही, बरेच जण करतात, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत पण मिळेल.

एक गोष्ट मात्र अजिबात घ्यायची नाही, ती म्हणजे मऊ रबरासारखं कोटिंग असलेला पेन किंवा कात्री किंवा काहीही. हातात घेतल्यावर मखमलीसारखं लागतं, दुकानात आपण भुलतो. हवेतल्या ओलाव्यानं ते कोटिंग काही वर्षांत सुटायला लागतं आणि चिकट गुळासारखं होतं, त्याला धूळ चिकटते, पुसून जात नाही. माझा एक मापाचा टेप असाच कपाटात चिकटून बसला होता, काढताना कागदासकट आला. खोडरबराचं पण असंच आहे, प्लॅस्टिकच्या कंपासपेटीत ते पट्टीला टेकून महिनोन्‌महिने राहिलं की पट्टी वितळवतं, कारण त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य पट्टीत उतरतं. म्हणून त्याचं कागदी वेष्टण फाडून टाकू नका, आणि पट्टी स्टीलची घ्या की, एकदाच.

स्टेपलर बाबत मी जरा जास्तच बोलतो असं बायको म्हणते. छोटा दहा नंबरचा घ्या किंवा मोठा २४/६ चा, ह्या दोन पिना कुठल्याही गल्लीत मिळतात, तिसऱ्या कुठल्या मापाच्या नादी लागू नका. २४/६ म्हणजे तार २४ गेजची आणि पायाची लांबी ६ मिलिमीटर, एवढं साधं आहे. घेताना उघडून बघा, पिन पुढं ढकलणारी स्प्रिंग दिसली पाहिजे आणि पिन अडकली तर नखानं काढता यायला पाहिजे, आतला पत्रा बोटानं दाबून वाकत असेल तर तो वर्षभरात वाकणारच. लुधियानाचे कांगारो माझ्याकडं दोन आहेत, एक तर पोरगी पहिलीत होती तेव्हाचा, ती आता नोकरीला लागली.

वह्यांचं थोडक्यात. चिकटवलेली वही पाठीला उलटली की पानं सुटतात, शिवलेली सुटत नाहीत. वही मधोमध उघडून बघा, दोरा दिसला पाहिजे. व्यापाऱ्यांकडं लाल कापडी पुठ्ठ्याच्या खातेवह्या असतात बघा, त्या कशा वर्षानुवर्षं आपटल्या तरी एकसंध राहतात, ती शिलाई. शाईपेन असेल तर कागद ७० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) खाली नको, मागं उमटतं, पण नुसत्या जीएसएमवर जाऊ नका, दुकानातच कोपऱ्यात एक रेघ ओढून बघा, दुकानदार फारतर डोळे वटारेल.

कात्री स्क्रूवाली, रिव्हेटवाली नको, कारण स्क्रू पिळता येतो आणि धार लावणाऱ्याला दोन्ही पाती वेगळी करता येतात. मेरठच्या पितळी मुठीच्या कात्र्या ह्यासाठीच नावाजलेल्या आहेत, पाती गाड्यांच्या भंगारातल्या पोलादाची, धार लावून लावून वापरायची, त्यांना जीआय पण आहे, म्हणजे त्या गावचा खास माल म्हणून सरकारी नोंद. टेलरकडं बघा कुठली आहे ते.

आता स्वयंपाकघर, कारण इथं सगळ्यात जास्त फसवतात. स्टीलचा डबा घेताना लोक खिशातनं लोहचुंबक काढतात आणि चिकटलं नाही की खूश होतात, अस्सल स्टील म्हणून. अहो ३०४ नंबरच्या स्टीलला चिकटत नाही हे खरं, पण २०२ नंबरच्याला पण चिकटत नाही की, आणि २०२ हलकं असतं, त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, म्हणून त्याला १८/८ पण म्हणतात. वरनं अजून एक गंमत, चांगल्या ३०४ च्या डब्यालासुद्धा जिथं पत्रा खोल दाबून वाकवलाय त्या काठाला चुंबक हलकं ओढलं जातं. म्हणजे चुंबकावर निकाल द्यायचाच नाही. मग करायचं काय, तर डब्यावर आकडा छापलेला आहे का बघा, बिलावर लिहून मागा, आणि हातात घेऊन जाडी बघा. हलक्या स्टीलला लोणचं, चिंचेचं सार, मिठाचं काही ठेवलं की बारीक तांबूस ठिपके येतात, आपल्या शेंगाचटणीनं काही होत नाही, ती कोरडी असते.

डब्यात झिजणारा भाग म्हणजे क्लिप आणि रबर. झाकणात सिलिकॉनची रिंग असलेले लीकप्रूफ डबे दिसायला भारी, पण ती रिंग गेली की त्याच मापाची मिळत नाही, डबा मग साखर ठेवायला जातो. आमचे आजोबा मिलमध्ये होते, भोंगा झाला की निघायचे, त्यांचा तीन पुडाचा डबा अजून आहे, नुसत्या पट्टीनं अडकवायचा, रबर नाही क्लिप नाही. कडीचा रिव्हेट एकदा गेला तो भांड्याच्या दुकानात समोर उभं राहून ठोकून घेतला. आणि नाव घालून घ्या हो! मशीननं कोरून देतात ना झाकणावर, नाव आणि तारीख. लग्नाकार्यात भांडी अदलाबदल होतात त्यात आपली परत येतात, आणि हरवलं नाही तरच टिकलं म्हणायचं ना.

चादरीचं सांगितलं नाही तर सोलापूरचा म्हणून घ्यायला लाज वाटेल. पाहुणे आले की नवी पेठेत घेऊन जातो, तिथं पहिली सूचना, घडी उलटवून मागची बाजू बघा. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली चादर असेल तर पुढं जिथं लाल तिथं मागं पांढरं, नक्षी तीच पण रंग उलटे. नुसती छापलेली असेल तर मागं फिकट धुरकट दिसेल. दुसरं, काठाचा एक दोरा मागून घ्या आणि दुकानाबाहेर जाऊन काडी लावा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख चुरगळते, पॉलिएस्टर वितळून काळी कडक गोळी होते. तिसरं, ओला पांढरा रुमाल लाल पट्ट्यावर घासा, रंग लागला तर पहिले दोन-तीन धुणे वेगळे धुवावे लागणार. सोलापुरी चादरीला जीआय मिळालेला आहे, पण त्यानं तुमची घडी आपोआप अस्सल होत नाही, बघून घ्यायचंच. चादर काठाला विरली की पट्टी मारून घ्यायची, मधे विरली की गोधडीच्या आत जाते, शेवटी फरशी पुसायला.

सगळंच जन्मभराचं घ्यायचं असा हट्टपण नको. हेल्मेट नाही, आतलं फोम एकदा आपटलं की संपलं, बाहेरनं काही दिसलं नाही तरी. गॅसची नळी नाही, ती तारीख बघून पाच वर्षांनी बदलायचीच. नॉनस्टिक तवा तर मुळातच थोड्या दिवसांचा पाहुणा, त्याच पैशात बिडाचा तवा येतो, आणि आपल्याला भाकरीच करायची असते की.

आणि बाजारात जायच्या आधी घरातलं कपाट उघडा. आमच्या बाबांचं एचएमटी जनता घड्याळ असंच सापडलं, १७ ज्वेलचं (आत चाकांच्या टोकांना टेकू देणारे १७ खडे), चावीचं, बंद पडलेलं. अशा घड्याळाला लगेच चावी द्यायची नाही, आत तेल वाळून चिक्की झालेली असते, जोर लावला की दाते घासतात. घड्याळजीकडं द्या, खोलून धुवून तेल घालून देईल. एचएमटीची घड्याळ कंपनी २०१६ मध्ये बंद झाली, पण ही घड्याळं एवढी खपलीत की जुन्या घड्याळजीच्या डब्यात सुटे भाग निघतात. ऑनलाईन मात्र भडक रंगाच्या नव्याकोऱ्या डायलचे जनता दिसतात ते घेऊ नका, बहुतेक डायल नंतर रंगवलेले असतात आणि आतलं मशीन चार घड्याळांचं मिळून केलेलं. आमच्या घड्याळजींनी दोन आठवडे लावले, जुनी बदललेली स्प्रिंग मागितली तर कागदाच्या पुडीत बांधून दिली, आता रोज सकाळी चहाच्या आधी चावी देतो, दिवसाला अर्धा-एक मिनिट पुढं जातंय, ते रेडिओच्या बातम्यांवर लावून घेतो.